चांगोचा कबुलीजबाब

२ जानेवारी १९७२
सुंदराचं वर्षश्राद्ध झालं. पायाला गळू काय, कर्जतच्या दवाखान्यात पेनिसिलीनची सुई काय, आणि तासाभरात सगळं संपलं. बायको तिथे, मी साजगावला फॅक्टरीत. डॉक्टर मुंबईला. सुई टोचली कंपाउंडर चांगोने. डॉक्टरांनी हात वर केले, म्हणाले मी सांगितलंच नव्हतं. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम ३०४-अ. चांगो जामिनावर सुटून कडावला घरी बसलाय.
आधी थोडंसं औषध टोचून अंगाला सोसतं का ते पाहायचं असतं. ती टेस्ट केली होती, असं चांगो म्हणतो. पाहणारं कोणी नव्हतं. सरकारी वकील म्हणाले, सगळी केस इथेच अडते.
ठरवलं. त्याच्याकडून मीच वदवून घेणार. मी मुळात कठोर माणूस आहे.

९ जानेवारी, रविवार
कडावला गेलो. त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा निश्चय होता. त्याची आई येसूबाई तांब्या घेऊन आली. प्यालो. एसटीच्या धुळीने घसा धरतो, त्याला इलाज नाही.
प्रश्न पाठ केले होते. चांगो म्हणाला, "बसा." बसलो. माझ्या गप्प बसण्याचा त्याच्यावर दाब आला असावा, कारण मी निघताना आपणहून म्हणाला, "बाई हसत हुत्या वो." पुढे काही नाही. सुरुवात चांगली.

१० जानेवारी
मेहुणा गजा भडकला. "भावजी, तुमी तिथं चा प्यायला जाता काय?" तपासाची पद्धत त्याला कळणार नाही. शिवाय चहा नव्हता, पाणी होतं.

१६ जानेवारी
चहा घेतला. नाही म्हटलं असतं तर तो सावध झाला असता.
आज पुष्कळ हाती लागलं. हसत का होती, असं विचारलं. चांगो म्हणाला, सुई उकळत होती तेव्हा ती म्हणाली, "आमच्या ह्यांना सांगू नका हां. सुईचं नाव काढलं तरी घामाघूम होतात. फॅक्टरीत डॉक्टर आला तर गोदामात लपतात."
साफ खोटं. एकदाच लपलो होतो, तेही देवीच्या लशीला. पण ते "हां" तिचंच. पुरावा म्हणून उपयोग शून्य. तरी पुन्हा सांगायला लावलं. जबाब पडताळून घ्यावा लागतो.

२३ जानेवारी
येसूबाईने जेवायलाच बसवलं. वालाचं बिरडं. आरोपीच्या घरचं वातावरण मोकळं ठेवणं आवश्यक असतं.
आणि त्याने कबूल केलं! मी विचारलंही नव्हतं. टेस्ट केली नाही. म्हणाला, "दोन डाव टोचलं का बाया भांडतात. पयली चुकली काय रं, म्हनतात. बाईंना पन मी इचारलं वो. त्या म्हनाल्या, एकदाच टोच रे बाबा, हे यायच्या आत घरी पोचायचंय." मग रडायला लागला.
पेशंट काय म्हणाला याला कायद्यात किंमत नाही. काम झालं होतं, उठायला हवं होतं. मी विचारलं, मग? म्हणाला, श्वास अडकला तेव्हा तिने त्याचा हात धरला. तिचा सुटेपर्यंत त्याने आपला काढून घेतला नाही.

२९ जानेवारी
सोमवारी साक्ष. सरकारी वकिलांना सगळं सांगितलं. खूश झाले. गजासुद्धा म्हणाला, "मानलं भावजी तुमाला."
आता कडावला जायचं कारण उरलेलं नाही.

३० जानेवारी
गेलो. फार त्रास झाला का तिला, हा एक मुद्दा राहिला होता. चांगो हात जोडून म्हणाला, "उद्या तुमी खरं त्ये बोला. माजं व्हायचं त्ये व्हईल." मी ठणकावून सांगितलं, खरंच बोलणार. मुद्दा राहून गेला.

३१ जानेवारी
साक्ष झाली.
वकिलांनी विचारलं, आरोपी तुमच्याजवळ टेस्टबद्दल काय बोलला? उत्तर अगदी तयार होतं. चांगो समोर उभा. मी म्हटलं, "ती गेली तेव्हा तिथे हाच होता. दुसरं कोणी नव्हतं."
वकील म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. पुन्हा विचारलं. माझ्या तोंडून पुन्हा तेच. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पाणी द्यायला सांगितलं. मग तेही विचारू लागले, आणि मी तेच म्हणत राहिलो. माझा आवाज कठोर होता असं मला वाटतं.
शेवटी सरकारी वकिलांनी मला फितूर साक्षीदार ठरवलं. माझ्याच बायकोच्या केसमध्ये.
गजा माझ्याशी न बोलता निघून गेला. मी एकटाच चालत पळसदरीला घरी आलो.
रविवारी कडावला जायला हरकत नाही. फक्त आता तपास संपलाय. येसूबाईने विचारलं कशाला आलात, तर काय सांगायचं ते ठरत नाही.