मी पेलो नाही

१९ सप्टेंबर २०१७, मंगळवार. अकोला

लिहायचं लिहायचं म्हणून आठ दिवस टाळलं. आधी कारण होतं — अक्षरं पोहायची, एका ओळीच्या दोन व्हायच्या. पण चार दिवसांपासून डोळे ठीक आहेत. तरी टाळलं, कारण पहिली ओळ काय येणार ते माहीत होतं. ती लिहिली की भांडण सुरू. वहीशी तर वहीशी! लिहून टाकतो.

मी औषध पेलो नाही.

फवारलं. धामणगाव रेल्वेजवळ शालिकरामजीच्या वावरात, तीन दिवस, चार्जिंगचा पंप पाठीवर घेऊन. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी, वारा समोरून, तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांपुढं धुकं आलं, तोंडातून लाळ सुरू झाली. पुढचं आठवत नाही.

एवढंच झालं. पण अख्ख्या सोयरिकीत हे कोणाला पटत नाही. शालिकरामजीनं दवाखान्यात सांगितलं — "ढोराच्या कोठ्यात पडून होता, बाटली उशाशी होती." कागदावर तेच चढलं, विषप्राशन. आमच्याकडं आजकाल कोणाच्या अंगाला औषधाचा वास आला की लोक दुसरं काही विचारतच नाहीत.

२० सप्टेंबर

काल तेवढंच लिहून थांबलो. आज सुरुवातीपासून लिहितो. नाही, सुरुवात फार मागं जाते. बाबा काविळीनं गेले तेव्हा मी नववीत होतो. शाळा सुटली ती सुटली. मग सुरत, हैदराबाद, परतवाड्याला एका हॉटेलात, पुन्हा सुरत. माय चांदूर बाजारला एकटी. ती फोनवर एकच विचारते, "कुठं हायस?" आणि मी सांगेपर्यंत मी तिथं नसतो.

या वेळी नागपूरला निघालो होतो. धामणगावला गाडी थांबली. फलाटाबाहेर कोणीतरी मुंगवडे तळत होतं, वास डब्यात आला, उतरलो. गाडी गेली. मला याचं कधी वाईट वाटत नाही, गाड्या येतातच. तो वडेवालाच म्हणाला, शालिकरामजीले फवाऱ्याले माणूस पाहिजे.

मुंगवड्यासाठी उतरलो, हेही कोणाला पटत नाही. माझी मोठी बहीण आरतीताई म्हणाली, "असं कोणी उतरते का?" मी उतरतो.

२१ सप्टेंबर. घट बसले

दवाखान्यातून सुटलो तसं ताईनं मला इथं तिच्या घरी आणलं. घरात आम्ही चौघं. आरतीताई शिवणकाम करते. देवमन भाऊजी ऑटो चालवतात. त्यांची आई, तिला मी मावशी म्हणतो. आणि समोरच्या खोलीत मी.

खोलीत पंखा नाही. "दुरुस्तीले देल्ला," असं ताईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आज ऑटोच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. पंखा! अकरा दिवस भाऊजी त्याला मागं ठेवून भाडी मारून राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, पंख्याले अकोला दाखवून राहिले का?"

हसले नाहीत. छताकडं पाहिलं. कडीसुद्धा उपटून काढली आहे, तिथं नुसतं भोक. म्हणाले, "गरमी होते का तुले? थांब." आणि पुठ्ठा घेऊन वारा घालत बसले. दिवसभर ऑटो चालवून आलेला माणूस.

राग आला होता मला. पण वारा घालणाऱ्यावर रागवायचं कसं, ते मला येत नाही.

२२ सप्टेंबर

संडास अंगणात आहे. आतली कडी काढून टाकली. मावशी बाहेर दगडावर बसते.

"बोलत राह्य."

"संडासात काय बोलू?"

"काईबी बोल. आवाज थांबला का मी दार ढकलीन."

मग मी अकोल्यापासूनची स्टेशनं म्हणतो. बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरूम, बडनेरा. आज बाहेर आलो तर शेजारची म्हातारी मावशीला विचारत होती, "आज कुठलोक गेला पोट्टा?" मावशी म्हणाली, "कुरूमलेच काम झालं."

दोघी हसल्या. मीपण हसलो. मग आठवलं की मी रागात आहे.

२४ सप्टेंबर, रविवार

मायचे चुलतभाऊ सूर्यभानमामा केळी घेऊन आले. बाजेवर माझ्याजवळ बसले, हात हातात घेतला.

"इतकं मनाले लावून घ्याचं नसते बेटा. आज नाही तर उद्या नोकरी लागते."

"मामा, मी पेलो नाही. फवारलं."

"हो, हो."

"खरंच फवारलं मामा."

"हो ना. मी काय म्हणतो मंग."

हे 'हो, हो' शिवीपेक्षा वाईट. मी ओरडलो. मामा घाबरून उठले, केळी तिथंच. ताई धावत आली. ते गेल्यावर म्हणाली, "ओरडू नको. डॉक्टरनं सांगतलं होतं, डोक्याले तरास द्याचा नाही."

"तुले काय वाटते ताई? तू सांग. पेलो मी?"

तिनं मशीनवरचा दोरा दातानं तोडला. "तू जिता हायस. दुसरं काई वाटून घ्याले मले टाइम नाही."

टाइम खरंच नाही तिला. अमरावतीच्या दवाखान्यात नऊ दिवस ती माझ्या खाटेखाली झोपली. नवरात्रासाठी बायकांनी दिलेले चौदा ब्लाउज इथं पडून राहिले, बायका कापड परत घेऊन गेल्या. माझी लाळ तिनं पदरानं पुसली. इंजेक्शनांनी मला भ्रम झाला, तेव्हा मी तिच्या तोंडावर मारलं म्हणतात. डाव्या भुवईजवळ अजून निळं आहे. विचारलं तर म्हणते, खाट लागली.

हे मी विसरणार नाही. मरेपर्यंत नाही. पण म्हणून मी पेलो असं कबूल करणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहून ठेवतो, ज्याला जमत नसेल त्यानं वाचू नये.

२५ सप्टेंबर

शालिकरामजीला फोन लावला.

"तुमी खरं काहून नाही सांगत?"

"बरा हायस ना आता? मंग झालं."

"बाटली उशाशी कोणं ठेवली?"

फोन बंद. पुन्हा लावला, बंदच.

तोंडाला बांधायला काही न देता फवाऱ्याला लावलं, हे कागदावर आलं असतं तर पोलीस त्यांच्या दारात आले असते. म्हणून बाटली. हे मला समजतं. समजत नाही ते दुसरंच. मला दवाखान्यात आणलं ते त्यांनीच. दुपट्ट्यानं पाठीशी बांधून, मोटारसायकलवर, धामणगाव ते अमरावती. माझी लाळ त्यांच्या मानेवर गळत होती असं वॉर्डातली बाई सांगत होती. एकाच दिवशी माणसानं जीव वाचवला आणि नाव घालवलं.

नाव परत पाहिजे. जीवाचे आभार नंतर.

२६ सप्टेंबर

काही नाही. पाऊस येतो म्हणतो आणि येत नाही. शेजारचं पोपटाचं पिल्लू बोरगाव म्हणायला शिकलं.

२७ सप्टेंबर

मावशीनं ताट पुढं केलं तेव्हा तिचे हात दिसले. दोन्ही तळव्यांची साल निघालेली, बोटांच्या बेचक्यात लाल. ती नेहमी पदराखाली ठेवते, म्हणून इतके दिवस दिसले नाहीत.

"हे काय झालं?"

"तुहा सदरा धुतला ना. दवाखान्यातून पिशवीत बांधून आणला होता तो."

"एवढी आग झाली आणि बोलली नाही?"

"बोलून काय, हात बदलून भेटतात?" मग सहज, वरण वाढता वाढता म्हणाली, "पाठीकडून कमरेलोक औषधाचा डाग होता. पंप गळत असन. छातीवर फवाऱ्याचे बारीक शितोडे आन् लाळ, सांडल्याचा डाग नाही. पेणाऱ्याच्या छातीवर सांडते, पाठीवर नाही सांडत."

माझा घास हातातच राहिला. "म्हणजे तुले पयल्या दिवसापासून माईत होतं?"

"हो."

"मंग संडासाबाहेर काहून बसते? पंखा काहून काढाले लावला? मी इथं बोंबलून राहिलो, आन् तू—"

"पेला नाही, ते सदऱ्यानं सांगतलं," मावशी म्हणाली. "पुढं पेशील का नाही, ते कोणता सदरा सांगन?"

मी वरणात बोट फिरवत बसलो.

एक गोष्ट या वहीतही लिहिणार नव्हतो. मागच्या उन्हाळ्यात सुरतेला, कारखान्यातून काढलं तेव्हा, एका संध्याकाळी रुळाजवळ बसलो होतो. गाडी पकडायला नाही. दोन गाड्या जाऊ दिल्या. मग कोणीतरी माचिस मागितली, बोलत बसलो, त्याच्यासोबत चहाला गेलो. सहज भरकटतो म्हणून वाचलो. हे कोणालाच माहीत नाही. मावशीला काय दिसलं माझ्या तोंडावर, देव जाणे.

"नाही पेणार, मावशी."

"बरं."

"खरंच."

"बरं म्हटलं ना. तरी बसणार मी. खाय."

२८ सप्टेंबर

मावशीनं सगळ्यांसमोर सदऱ्याचं सांगितलं. ताई मशीनवर होती. पाय थांबला नाही तिचा, दोरा केव्हाच तुटला होता, सुई नुसती वरखाली. मग म्हणाली, "नऊ दिवस मी देवाले म्हणत होती, याले अक्कल दे. अक्कल त्या शालिकरामले पाहिजे होती."

आणि रडली. तेवढीच. लगेच दोरा ओवायला घेतला.

भाऊजी सासुरवाडीच्या माणसाशी बोलावं तसे नाही, मित्राशी बोलावं तसे बोलले. "मंगळवारी धामणगावले जाऊ. ठाण्यात खरा जबाब लिहून देऊ. सदरा धुतला, पण माह्या मायचे हात हायेत. ते दाखवू."

३० सप्टेंबर. दसरा

सोनं द्यायला लोक आले. मी आत बसलो नाही. दारात उभा राहिलो आणि प्रत्येकाला आपट्याचं पान देता देता सांगितलं, "फवाऱ्यानं झालं. पेलो नाही." काहींनी "हो, हो" केलं. मी पुन्हा सांगितलं. एकाला तीनदा. मावशी बाजूला उभी राहून पान घ्यायला दोन्ही तळवे पसरायची, मुद्दाम. सालीकडं पाहिलं की लोक गप्प व्हायचे.

मायचा फोन आला. या वेळी "कुठं हायस" नाही म्हणाली. ताईनं तिला सांगितलं होतं. म्हणाली, "मले ठाण्यात उभं राह्याचं आहे तुह्याबाजूनं. कोणत्या गाडीत बसू?" मी गाड्या सांगितल्या. मला गाड्या पाठ आहेत, कोणासाठी तरी उपयोगी पडल्या.

परवा नाही, तेरवा. शालिकरामजीचं नाव लिहून देणार. आवाज चढवणार. दया नाही.

१ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

दारात शालिकरामजीची बायको उभी आहे. एकटी. पहिल्या गाडीनं आली.

माझ्यामागं माणूस मिळाला नाही म्हणून राहिलेलं वावर त्यांनी स्वतः फवारलं. त्याच पंपानं. परवा वावरात पडले. अमरावतीला आहेत, त्याच वॉर्डात. गावभर झालं — पेले. कागदावरही तेच चढून राहिलं.

"ते पेले नाही रे बावा," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणते. "मी सांगून राहिली तर सारे हो, हो म्हणतात. तू चाल. तू सांग त्याईले."