साळुमावशींचं घंगाळ

जुन्नर, रविवार

प्रिय आरती,

सलाम, नमस्कार आणि एक घट्ट मिठी. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजी गोड खायचे थांबले का? इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. तू पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून माझ्याकडे ठेवलेलं साळुमावशींचं घंगाळ आता माझ्याकडे नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर हवापाण्यातच पान संपेल आणि मी पाकीट चिकटवून मोकळी होईन.

तीन वर्षांपूर्वी मी दोन जादा गाद्या एका गरजू घराला दिल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. मग लोक दाराशी सामान ठेवून जाऊ लागले. झाकण नसलेले मिक्सर, पाळणे, आणि निवृत्तीत मिळालेली भिंतीवरची घड्याळं (सतरा, कुणालाच ती घरात नको असतात). आमच्या ह्यांच्या, सत्तारसाहेबांच्या, लोखंडी सामानाच्या गोदामात आता लोखंड सोडून सर्व काही आहे. ते गिऱ्हाइकाला खिळे द्यायचे झाले की चार पलंग ओलांडून जातात. जुन्नर आणि आंबेगाव मिळून शंभरावर घरांत आपलं सामान गेलं. मग बोर्ड लागला. आणि बोर्ड लागला की वर्तमानपत्रवाला येतोच.

तो आला त्या दिवशी घाटघरच्या सोनीबाई सामान न्यायला आल्या होत्या. वादळात त्यांची भिंत पडून सगळी भांडी चेपली होती. त्यांचं सामान बांधून तयार होतं, पण वार्ताहर म्हणाला, गोणपाटाचा फोटो उठत नाही, काहीतरी चकाकणारं पाहिजे. मी वर घरात धावले आणि घंगाळ आणलं. (तुझ्या आईनं, साळुमावशींनी, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या पेठ गावी त्यातलंच कढत पाणी आपल्या दोघींच्या डोक्यावर ओतलं होतं आणि मी उटण्याला घाबरून रडले होते, आठवतं?) फक्त फोटोपुरतं, आरती. पण फोटो झाला आणि सोनीबाईंनी ते बाकीच्या सामानाबरोबर जीपमध्ये ठेवलं. मला तोंड उघडता आलं नाही.

आठवड्यानं मी नवीकोरी स्टीलची कळशी आणि डबाभर शीरखुर्मा घेऊन घाटघरला गेले. बेत असा की कळशी द्यायची आणि घंगाळ हळूच मागायचं. सोनीबाईंनी कळशीही आनंदानं ठेवून घेतली. घंगाळ घासून उंबऱ्याशी ठेवलं होतं. चौथीतली नात समृद्धी त्यावर कोरलेलं नाव बोट फिरवून वाचून दाखवत होती : सौ. साळुबाई, पेठ.

“बाई, कुनाच्या लग्नातलं हाय हे?” सोनीबाईंनी विचारलं. “येवढं जुनं कुनी देत न्हाई वं. आमी रोज त्यांचं नाव घेऊनच पानी भरतो.”

मी चहा प्याले आणि उठले. माझा डबा त्यांनी रिकामा परत दिला नाही. भांडं रिकामं द्यायचं नसतं म्हणाल्या आणि त्यांच्या शेतातल्या तांदळानं तो गच्च भरला. ज्या घराला मदत करायला गेले, तिथून मी तांदूळ घेऊन आले. घंगाळ राहिलं तिथेच.

तुझी शरमिंदी,
नूरजहाँ

ता. क. साळुबाईंची लेक भेटायला येईल, असं मी निघताना बोलून बसले. पुढच्या रविवारी ये. मागायला नको, नुसती ये.

ता. क. २. शाळेत खोटं बोललं की सिस्टर शंभर ओळी लिहायला लावायच्या. वरचं पत्र तेवढं भरेल, पण त्यातही एक खोटं राहिलंय. सोनीबाईंनी घंगाळ आपणहून नेलं नाही. त्या ते मला परत देत होत्या. वार्ताहर अजून लिहीत होता, म्हणून मी म्हणाले, “ठेवा, माझ्या आईचं आहे.” म्हणूनच कोरलेलं नाव वाचून त्यांनी कुणाच्या लग्नातलं ते विचारलं. कात्रण सोबत जोडलंय. फोटोत मी छान दिसते, हेच वाईट.

ता. क. ३. सोनीबाईंनी दिलेल्यातला अर्धा तांदूळ त्याच डब्यातून पाठवतेय. डबा परत करशील तेव्हा त्यात चिमूटभर मीठ घातलंस तरी चालेल. रिकामा आला, तर मी समजून जाईन.