चारही दिसले

११ जानेवारी, रविवार
दुर्बीण आली! दामिनीनं पाठवली, बाबा रिटायर झाले म्हणून. लेकीचं सगळंच मोठं. गच्चीवर उभी केली तर शेजारच्या यमुताई विचारतात, "बोअरिंग करून राहिले काय?"
आमच्या ह्यांचा जन्म कळमन्याच्या बाजारात धान्याच्या बोल्या ऐकण्यात गेला. संध्याकाळी घरी असा हा माणूस कधी नव्हताच. आता सात वाजता गच्चीवरून हाक मारतात — मला!
आज गुरू दाखवला. बाजूला चार चंद्र आहेत म्हणे. मला नुसतं काळं. चष्मा लावला तर काच काचेवर आपटते, काढला तर सगळा धूर. तसं सांगणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "तुले दिसत नसन तं मी एकट्यानं पाहून काय करू वं? वापसच करतो."
"दिसले," म्हटलं. "चारही." काय करणार!

१४ जानेवारी
संक्रांत. कटून आलेला लाल पतंग यांनी गच्चीवर धावत जाऊन पकडला. त्याचा कागद टॉर्चवर बांधला — लाल उजेडात डोळे दिपत नाहीत म्हणे. पतंग पकडायला निमित्त हवं होतं, दुसरं काय! पण काय खुश होते. असे असले की मला फार आवडतात.

१६ जानेवारी
दिवसभर मोबाइलवर आयपीस — म्हणजे डोळा लावायच्या काचा. शिवाय बार्लो, तो लावला की दुप्पट मोठं दिसतं. चंद्रासाठी फिल्टर. फोन अडकवायचा चिमटा. दुर्बीणवाल्यांच्या ग्रुपवरचा कुणी विक्रम सांगतो, बार्लोशिवाय मजा नाही. झाली बार्लोची ऑर्डर! वर मला विचारतात, "तुले काय पायजे, सांग. तूच तं एवढं बारीक पायते."
घ्या! लाजच वाटली. म्हटलं, "बसायला काहीतरी."
आधी हिरमुसले. मग, "खरं हाय. उभ्यानं डोळा हालते." आणि मोडका स्टूल ठोकत बसले.

१८ जानेवारी, रविवार
स्टुलाचं उद्घाटन. वरच्या छोट्या नळीतून यांनी गुरूवर नेम धरला. "आज पयले तू." बसले. आज तर रोजच्याहून काळं.
"दिसले काय?"
"चारही! अगदी स्पष्ट! एक जरा लांब गेलाय."
हा जास्तीचा तपशील मी कशाला दिला, देव जाणे. मग हे वाकले. पाहिलं. "थंडी हाय, चाल खाली." स्वतः चहा केला. माझा बिनसाखरेचा — आठवणीनं!

२० जानेवारी
बार्लोची ऑर्डर रद्द. विचारलं तर म्हणे, "राहू दे." फिल्टरही नको. दुर्बिणीवर जुनी चादर.
मन उडालं का यांचं? वापस करतात की काय? खरं सांगून टाकावं, असं दोनदा ओठांवर आलं. नाही जमलं. गुरूबिरूचं मला काही नाही. मला ती सातची हाक हवी आहे.

२१ जानेवारी
हाक नाही.

२५ जानेवारी, रविवार
हाक आली! वर गेले तर दुर्बिणीला नवाच आयपीस — लठ्ठ, रबराची कड दुमडलेली. मी सवयीनं चष्मा काढायला गेले. "राहू दे चष्मा. चष्मेवाल्यासाठीच हाय हा. दुरूनच पाय."
पाहिलं. मधे गुरू, आणि त्याच्या ओळीत एक, दोन, तीन, चार!
"अहो, खरंच चार आहेत!" ओरडलेच मी. मग जीभ चावली.
हे हसत होते. खिशातून दुर्बिणीच्या तोंडाचं काळं झाकण काढून माझ्या हातावर ठेवलं.
"त्या रविवारी हे काढाचंच राहून गेलतं वं."