भुआची सामायिक आणि रिफंडचा फोन

६ जानेवारी, मंगळवार

खुर्ची आली — बाहुलीची!

फोटोत सागवानी, बुटकी, पाठीला टेकू असलेली होती. खोक्यातून प्लास्टिकचं स्टूल निघालं, वर लाकडाच्या रंगाचा कागद. पप्पांनी मला न विचारता मागवली होती. भुआला, म्हणजे त्यांच्या बहिणीला, चकित करायचं होतं. तिचे गुडघे गेलेत. सामायिकेला, म्हणजे आम्हा जैनांच्या ध्यानाच्या बैठकीला, जमिनीवर बसते आणि भिंत धरून उठते.

भुआने स्टूल फिरवून पाहिलं. पप्पांना म्हणाली, “सुमेर, यावर मी नाही, माझा तांब्या बसेल.” आणि खरंच ठेवला.

पप्पांना सांगितलं — ॲपमध्ये ऑर्डर उघडा, तिथेच परत पाठवायची सोय असते. करून देऊ का? नको म्हणाले. माझं मी बघतो.

९ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा ओटीपीवरून कुरकुर. भांड्यांचं दुकान फुफांचं, म्हणजे भुआच्या नवऱ्याचं होतं. ते गेल्यावर पप्पा राजस्थानातून इथे विसरवाडीला आले आणि बहिणीचं दुकान चालवायला लागले. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. बँकेच्या खात्यात दोघांची नावं, पण नंबर भुआचा. नेटबँकिंग पप्पांच्या फोनवर, ओटीपी भुआच्या फोनवर.

आज व्यापारी फोनवर खोळंबला होता आणि भुआ सामायिकेत. अठ्ठेचाळीस मिनिटं. लोकरीचं आसन, तोंडावर मुहपत्तीचं फडकं, हातात माळ. त्या वेळात संसाराचं बोलणं नाही, विजेच्या कुठल्याच वस्तूला हात नाही. तिचा फोन फक्त तिच्या बोटाने उघडतो. आकडे तिच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मीच तसं करून ठेवलंय. लॉक असलेल्या फोनवर मेसेज दिसणार नाही, हेही मीच केलंय.

पप्पा माझ्याकडे येऊन म्हणाले, “दुकान मी चालवतो आणि चावी जीजीच्या बोटात.” भुआला ते जीजी म्हणतात.

त्यांचं बरोबर आहे. व्यवहार करणारा आणि मंजुरी देणारा एकच असला की काम अडत नाही. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, अडणाऱ्या जागा शोधणं हाच माझा पगार. खात्यावर पप्पांचा नंबर टाकायचा अर्ज भरला. भुआने विचारलंसुद्धा नाही. “सुमेर म्हणतो ना? मग कर,” म्हणाली आणि सही केली.

सोमवारी नवापूरला बँकेत जाईन.

१२ जानेवारी, सोमवार

क्रमाने लिहिते.

बँकेत अर्ज घेतला नाही. तीजाबाईंना, म्हणजे भुआला, स्वतः यावं लागेल, म्हणाले. वैतागून बस पकडली.

घरात शिरले तर पप्पा भुआसमोर गुडघ्यांवर बसलेले. एका हातात तिचा फोन, दुसऱ्या हातात स्वतःचा, स्पीकर चालू. भुआचे डोळे मिटलेले, माळ फिरतेय. पप्पा अगदी हळू म्हणत होते, “जीजी, बस अंगूठो लगा दो. एक बार.”

आणि स्पीकरमधून आवाज — “सर, जल्दी कीजिए. माताजी को उठाइए. रिफंड कैन्सल हो जाएगा.”

मी पप्पांचा फोन घेतला. कॉल तोडला, नेट बंद केलं. त्यांना म्हटलं, “खोटा माणूस आहे.” पप्पा उठले नाहीत. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. मग बँक. व्यवहार थांबवले, पासवर्ड बदलला, ते स्क्रीन दाखवणारं ॲप काढून टाकलं. रुपयाही गेला नाही!

झालं असं : पप्पांनी खुर्चीच्या कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधला. जो पहिला दिसला, तो लावला. माणूस गोड बोलणारा. त्याने एक ॲप टाकायला लावलं, म्हणजे पप्पांचा सगळा स्क्रीन त्याला दिसू लागला. रिफंड जमा करण्यासाठी म्हणून नेटबँकिंग उघडायला लावलं. एक पान पप्पांकडूनच भरून घेतलं. ते पैसे येण्याचं नव्हतं, जाण्याचं होतं. खात्यातली सगळी रक्कम — लग्नसराईचा माल भरायला ठेवलेली. ती गेली असती तर या हंगामात दुकान उघडून काय विकणार होतो? फक्त कोड बाकी होता. तो भुआच्या फोनमध्ये येऊन पडला होता.

१३ जानेवारी, मंगळवार

पप्पा काल सूर्यास्ताआधी जेवायला बसले आणि ताट तसंच ठेवून उठले. आज दुकानात गेले, पण माझ्याशी बोलताना वजनकाट्याकडे बघत होते.

दुपारी एवढंच म्हणाले — धर्माने वाचवलं. आणि मग, काल जीजीची सामायिक संपतच नव्हती गं.

भीतीत वेळ लांबतो, मी म्हटलं.

माझा हिशेब वेगळा. बँकेने काल अर्ज घेतला असता, तर आज ना उद्या कोड थेट पप्पांच्या फोनवर आला असता. त्या माणसाला समोरच दिसला असता. मी जिला अडचण म्हणत होते, तेच कुलूप होतं. योगायोगाने त्याच वेळी लागलेलं. योगायोगाचे आभार कसे मानतात मला माहीत नाही. पण मानते.

१५ जानेवारी, गुरुवार

शेजारचे मोबाइल दुरुस्तीवाले अनीसभाई दुकानात आले. पप्पांना ऐकवून गेले, “शेठ, घरमा इंजिनेर पोर शे आनि तुम्ही नंबर इंटरनेटवर धुंडतस?” पप्पा हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. अनीसभाईंचे मनात आभार मानले, तोंडाने नाही.

१८ जानेवारी, रविवार

स्टूल परत गेलं. पप्पांनी स्वतः केलं, मी नुसती शेजारी बसले. ॲप, ऑर्डर, परत पाठवा. शेवटी मदतीचा नंबर ॲपमध्येच कुठे असतो तो त्यांनी मला शोधून दाखवला. कुणी स्क्रीन दाखवा म्हटलं की फोन ठेवायचा, हेही त्यांनीच मला सांगितलं — जणू मलाच माहीत नव्हतं. मी मान डोलावली.

खुर्ची आता करणसिंग सुतार करतोय. भुआच्या गुडघ्याचं माप घेऊन गेला.

२० जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी भुआ मेथी निवडत होती. तिला सांगितलं, नंबर तुझाच राहील. त्या दिवशी तू सामायिकेत होतीस हे आपलं नशीब.

मेथीवरून नजर न काढता म्हणाली, “एक सामायिक तर केव्हाच पूर्ण झाली होती. तो फोनवाला सुमेरला श्वास घेऊ देईना, मला भीती वाटली. पण सुमेरने मागितलं आणि मी दिलं नाही, असं आजवर झालं नाही बेटा. डोळे उघडले असते तर दिलंच असतं. म्हणून मनातल्या मनात दुसरी घेतली.”