उजव्या कानाला दोन खाचा

मोरबी,
दि. १९ नोव्हेंबर २०२४

पुष्पाआक्कास,

वही जाळलीस ती जाळलीसच, वर आपल्या सूरजला सांगितलंस की चूल पेटवायला कागद नव्हता. एवढी वर्षं चूल कशानं पेटत होती मग? फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. मी बरा आहे. कारखान्यात फरशीची धूळ खातोय. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

आक्के, ती वही म्हणजे रिकामपणाचा उद्योग नव्हता. सातवीत शाळा सुटलेल्यानं गोष्ट लिहायची तर कशाच्या जिवावर? कोण कसं बोलतं, रागावलं की आधी हातात काय घेतं, आधीच्या खर्ड्यात मी कुठं खोटं लिहिलं, सगळं तिच्यात टिपलेलं. पहिल्याच पानावर नियम होता: खोटं वाटेल तिथं खरी खूण घालायची.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी गोष्ट परत पाठवली. म्हणाले, तुमची बाई नुसती रडते, पटत नाही. मी तेव्हा गावीच होतो, वही उघडली. नवऱ्यानं तुला हाकलली असं आपण गावाला सांगितलं होतं. पण मेंढ्या कातरायच्या दिवशी तू मला खरं बोललीस, ते पान निघालं. "त्यानं न्हाई हाकललं. तापानं फणफणला व्हता, पाणी मागत व्हता. मी तांब्या भरून उशाला ठिवला अन् चालू लागले." तसंच घातलं. एक अक्षर हलवलं नाही.

नाव बदललं, गाव बदललं. मेंढीचा कान तेवढा वहीतल्यासारखा राहिला. उजव्या कानाला दोन खाचा म्हणजे कुणाच्या घरची मेंढी, हे जुन्नर-आंबेगावातला कुठलाही मेंढरं राखणारा सांगेल. अंक आईनंच कौतुकानं धामणीला दिला. तुझ्याशी दुसरं लग्न करणार होते ते दादाभाऊ स्वतः वाचत नाहीत. त्यांच्या लेकीनं, तेजस्विनीनं, मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांचा निरोप सूरजनं मला जसाच्या तसा सांगितला: "आजारी माणसाला टाकून आलेली बाई आमाला नको, पावणं."

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. खाचांचं माझ्या ध्यानात आलं होतं. छापायच्या आधी संपादकांनी फोन करून विचारलंही होतं, काही बदलायचंय का. एक खाच कमी केली असती तर भागलं असतं. पण गोष्ट आता कुठं खरी वाटायला लागली होती. मी नाही म्हणालो.

संपादक दुसरी गोष्ट मागतायत. उत्तर दिलं नाही.

तुझा, म्हणू देशील तर भाऊ,
ऋषी

मानधन आलं ते सूरजच्या हाती तुझ्या नावानं देतोय. त्यात माझं काही घातलं नाही. रुपये सातशे.