सायलेन्सर आणि नदीपल्याडचं कोकरू

आष्टी, ता. परतूर, जि. जालना
रविवार, जेवणानंतर

प्रिय बालमित्र भागवत यास,

कुक् कुक् कुक् कुक् कुक्! ओळखलास? अरे, आपल्या लहानपणची पिठाची गिरणी! इंजिनाच्या धुराड्यावर उपडं मडकं बसवलेलं असायचं अन् त्यातून तो गोड कुकुक् पार चौथीच्या वर्गापर्यंत यायचा, अन् गुरुजी त्याच ठेक्यावर कवितेला चाल लावायचे. आज सकाळपासून तो आवाज माझ्या कानात घुमून राह्यलाय, म्हणून रामराम घालायच्या आधीच लिहून टाकला. आता रीतसर : तुला कडकडून रामराम, वहिनींना नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनींची साखर कशी आहे? (रक्तातली. डब्यातली तू संपवत असशीलच.) कानाचं यंत्र लावतोस की अजून उशाखालीच ठेवतोस? तुला फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप. इकडे मी अन् तारा, दोघं म्हातारा-म्हातारी, बराबर आहोत. आणि भागवत, बातमी अशी आहे : स्वरानं अन् मी मिळून तिच्या फटफटीचा आवाज कमी केला!

स्वरा म्हणजे माझी नात, मुकुलची थोरली. तू तिला पाहिलीस तेव्हा ती तुझ्या चष्म्याची काडी चघळत होती. आता जालन्याला इंजिनियरिंग शिकते अन् सुट्टीत इथं येऊन ‘डर्ट बाईक’ पळवते. डर्ट बाईक म्हणजे मातीत उड्या मारायची गाडी : मडगार्ड आभाळात, टायरला कणसाच्या दाण्यांसारखे उंचवटे, दिवा नाही, हॉर्न नाही. हॉर्नची गरजच नाही म्हणा, गाडी निघाली की सेलूपर्यंत समजायचं. एका भंगारातल्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन घेऊन पोरीनं ती स्वतः जोडली. आता टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे मी तुला सांगतो (मला कालपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून सांगायला जास्तच मजा येते). साधी गाडी दोन फेऱ्यांत एकदा बोलते, अन् टू-स्ट्रोक दर फेरीला बोलते. म्हणजे आपल्या वर्गातली शेवंता आठव. श्वास घ्यायलासुद्धा न थांबणारी.

दिवाळीनंतर नाशिककडे तिची शर्यत आहे. सराव करायला जागा एकच, मारुतीच्या देवळामागचं गायरान, कारण बाकी सगळीकडे कपाशी अन् सोयाबीन. पण पोरीनं किक मारली की देवळातलं भजन बुडायचं, म्हातारे छातीला हात लावायचे, अन् सरपंच रामराव धोतराचा सोगा हातात घेऊन आमच्या कुंपणाशी यायचा. (तो मला ‘कंट्रोलरसाहेब’ म्हणतो. मी परतूरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो याचा आदर म्हणून नव्हे, माझा घरात कुणावरच कंट्रोल नाही म्हणून.) शेवटी त्यानं निकाल दिला : येत्या ग्रामसभेपर्यंत गाडी गप करा, न्हाई तर गायरान सोडा. स्वरा नुसती गाडीपाशी बसून चाकाचा चिखल नखानं खरडत राहिली. ते मला बघवेना, अन् मी म्हणालो, पोरी, हे काम तुझ्या आबाचं.

पहिला विचार अर्थातच गिरणीचा आला. मडकं! मी कुंभारवाड्यातून चांगलं खणखणीत मडकं आणलं, बुडाला भोक पाडलं, तारेनं सायलेन्सरच्या शेपटाला बांधलं अन् डोळे मिटून उभा राहिलो. कुकुक् ऐकू येणार, मागोमाग सगळी चौथी इयत्ता डोळ्यांपुढं उभी राहणार. स्वरानं किक मारली. भागवत, मडकं उडालं रे! चंद्रयानासारखं उडालं, अन् रामरावाच्या गोठ्यात त्याच्या म्हशीपुढच्या घमेल्यात जाऊन फुटलं. तेव्हापासून रामराव आमच्या कुंपणाशीसुद्धा येईना. रस्त्यात दिसला तर तोंड फिरवून जायचा.

मंग मी सिराजोद्दीनकडं गेल्तो. गाद्या-रजया भरतो, आपल्यासारखाच म्हातारा, अन् उत्साहात माझ्यापेक्षा काकणभर जास्तच. त्याला सांगितलं, सायलेन्सरच्या पोटात काहीतरी मऊ भरलेलं असतं म्हणे, ते गेलंय. तर हा म्हणाला, “बिलकुल फिकर नको, वामनराव! अपने पास रुई है ना. हल्लू हल्लू दबाके भरो, आवाज बाहर निकलनाच नै!” आम्ही दोघांनी मिळून ताराच्या गादीतला कापूस काढून (तिला न विचारता) ठासून भरला. गाडी सुरू झाली. आहाहा, काय तो मवाळ सूर! सिराजोद्दीननं मला मिठी मारली, मी त्याला मारली, अन् आमची मिठी सुटायच्या आत शेपटातून धूर, मग ठिणग्या, मग चक्क ज्वाळा. मला तर आरतीच आठवली. ताराला मात्र गादी आठवली. ती बादली घेऊन आली अन् अर्धं पाणी तिनं सायलेन्सरवर ओतलं, अर्धं आम्हा दोघांवर.

त्यानंतर स्वरा फार गोड आवाजात म्हणाली, “आबा, आता मी करू का?” तिनं सायलेन्सर उघडला अन् मला शेजारी बसवून शिकवला. इंजिनाखालची ती म्हशीसारखी पोट फुगलेली नळी असते ना, ती ताकदीसाठी, तिला हात लावायचा नाही. आवाज खातो तो शेवटचा तुकडा. त्याच्या आत चाळणीसारखी भोकं पाडलेली नळी, अन् तिच्याभोवती काचेची लोकर. (काचेची लोकर! भागवत, कुठल्या मेंढीच्या अंगावर ही उगवत असेल असं मी विचारलं तर पोरगी हसून लोळली.) आवाज भोकांतून लोकरीत शिरतो अन् तिथंच वाट चुकतो, सुट्टी झाल्यावर बोरीच्या झाडाखाली रेंगाळणाऱ्या पोरांसारखा. आमची लोकर तेलानं चिकटून, जळून चिंधी झाली होती, म्हणून आवाज सरळ घरी पळत होता. जालन्यातून तिनं नवीन लोकर आणली, ताणून गुंडाळली, शेपूट वीतभर लांब केलं. शिवाय इंजिनापाशी जोडावर काळा तेलकट ओघळ दिसत होता, म्हणजे तिथूनही आवाज गळत होता. तिथं नवी रबरी कडी अन् ताठ स्प्रिंग घातली. किक मारली तेव्हा गाडी बोलली, पण पाहुण्यांच्या घरी बोलावं तशी.

आता परवाची ग्रामसभा. रामराव म्हणाला, गायरानावर गाडी पळू द्या अन् देवळाच्या ओट्यावर भजन चालू द्या, ऐकू आलं तर ठराव. इथं तुझा हा मित्र उठून उभा राहिला! मी म्हणालो, भजन सगळ्यांना पाठ आहे, ऐकू न येताही ऐकू आल्यासारखं वाटतं. कुणाला माहीत नसलेलं काहीतरी हवं. एक कविता म्हणतो, रामरावांनी डोळे मिटून ऐकत ओळ-ओळ परत म्हणायची. रामराव तयार झाला, पण अट घातली : “घसा ताणायचा न्हाई, कंट्रोलरसाहेब. हे परतूरचं स्टँड न्हाई.”

आणि मी कोणती म्हटली असेल? आपली चौथीची! नदीपल्याडच्या कोकराची! स्वरा गायरानात घिरट्या घालत होती, धुरळा उडत होता, अन् मी घरात बोलतात तशा आवाजात सुरू झालो. धनगराची चिमणी पोर, तिचं हरवलेलं कोकरू, आभाळ भरून आलेलं. रामराव ओळीमागून ओळ परत म्हणत होता. आधी खेकसून, मग जरा हळू, मग अरे, चालीवर! मांडीवर ठेका धरून! पोरंटोरं फिदीफिदी हसली, तर त्यानं मिटल्या डोळ्यांनीच हात उगारला. आम्ही इथवर आलो :

काठावरती उभी चिमुकली, पल्याड भिजले कोकरू
पाणी चढते, सांज उतरते, सांग नदी, मी काय करू?

रामरावाची एकही ओळ चुकली नाही. “पुढं?” तो म्हणाला. तेवढ्यात स्वरा ओट्यापाशी येऊन थांबली, लोकांनी टाळ्या पिटल्या, सिराजोद्दीननं (गावात त्याच्याएवढा जोरात ओरडणारा कुणी नाही) “मुबारक!” अशी आरोळी ठोकली, अन् कविता तिथंच राहिली. ठराव मंजूर झाला. फक्त रामरावाची सही राहिलीय, आज शाई न्हाई म्हणाला. सही झाली की गायरान शर्यतीपर्यंत आमचं! काल रात्री स्वरा हेल्मेट उशाशी घेऊन झोपली. मला वाटतं, आपण पाटी उशाशी घेऊन झोपायचो तशीच.

पत्र लांबलं. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
वामन

ता.क. गादी नवी भरून मिळाली. सिराजोद्दीननं स्वतः आणून दिली, पण तारा त्याच्याशी अन् माझ्याशी एकाच तुटक सुरात बोलते.

ता.क. दुसरा : आता मुद्द्याचं. भागवत, त्या कवितेत पुढं काय होतं रे? मला त्याच्यापुढची एकही ओळ आठवत नाही. पोरगी पाण्यात उतरते का? कोकरू मिळतं का? आपली पुस्तकं तर कधीच रद्दीत गेली. परवा रामराव “पुढं?” म्हणाला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या टाळ्या पडल्या म्हणून वाचलो. तुझ्या पाठांतराला कायम शाबासकी असायची, तेव्हा उरलेली कडवी लिहून धाड. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो, मधे फटफटी आली.

ता.क. तिसरा : पोस्टाची वाट बघू नकोस. स्वरा या पानांचे फोटो काढून तुझ्या सुनेच्या मोबाइलवर आत्ताच धाडते आहे. कारण ता.क. दुसरा लिहून होतोय तोच दार वाजलं, उघडलं तर समोर रामराव! मडकं उडाल्यापासून ज्यानं इकडं पाऊल टाकलं नव्हतं, तो. धुतलेला सदरा, काखेत ठरावाचं रजिस्टर, खिशात पेन. मी म्हणालो, या, बसा, सही करून टाका. तर तो खाटेवर टेकला, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, अन् आवाज खाली आणून म्हणाला, “सही कुठं पळून जाती का? दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई, कंट्रोलरसाहेब. आधी सांगा, त्या कोकराचं काय झालं?”

मी ताराला म्हणालो आहे, चहा जरा सावकाश कर. तिनं माझ्यावरच्या रागानं आधण आधीच चढवलंय. भागवत, यंत्र लाव, सुनेची हाक ऐक, अन् जल्दी कळव.