हळदीखालचा रंग

१२ फेब्रुवारी, सांगली

चंद्रे, चष्मा कपाळावर आहे, घरभर शोधू नकोस. मेढ्याच्या स्टँडवर थोरल्या बहिणीला पोचवायला आलीस आणि गाडी सुटल्यावर माझीच लाडवांची पिशवी घेऊन घरी गेलीस! नातीच्या लग्नघरात मी रिकाम्या हातानं उतरले. तू सगळं विसरतेस, म्हणून रोजचं सांगून ठेवणार आहे. नातू शंभूराजनं फौजेतून हा फोन धाडलाय. मी बोलते, फोनच लिहून घेतो. तुझी सून वाचून दाखवील.

माझा पोरगा गुंडा हळदीच्या बाजारात पोती तोलायच्या कामाला, त्यामुळं इथं उशीला, चहालासुद्धा हळदीचा वास. त्याची राजनंदिनी अशी खुललीय की बघत राहावं. फक्त नाकावर रुसलीय. साखरपुड्याचे फोटो बघून होणारी नणंद म्हणाली, नाक बसकं दिसतं. मी म्हटलं, बाई, हे नाक माझं आहे. ह्याच नाकाच्या जोरावर मी तुझ्या आजोबाला धाकात ठेवलं.

१४ फेब्रुवारी

आज पोरीबरोबर कातडीच्या डॉक्टरकडं गेले. त्रिशलाताई. नाकात सुईनं भरण घालून ते उंच करतात म्हणे. आपण भिंतीला लिंपतो तसं.

बाईंनी मलासुद्धा समजेल असं सांगितलं. नाकाच्या नसा बारीक. भरण नसेत शिरलं तर रक्त अडतं, पुढची कातडी मरते, कधी डोळाही जातो. टोकदार सुई नसेत सहज घुसते. गालाला डॉक्टर बोथट टोकाची नळी वापरतात, ती नसेला बाजूला सारते. पण तिचाही पुरता भरवसा नाही. थेंबभर घालायचं, थांबायचं, रंग बघायचा. कातडी पांढरी पडली की हात तिथंच थांबवायचा आणि विरघळवायचं औषध लगेच टोचायचं. ते औषध जिथं नाही, त्या खुर्चीत बसूच नका. लग्न तोंडावर असताना मी नाकाला हात लावणार नाही, नंतर या, म्हणाल्या.

बाहेर येऊन पोरगी फणकारली, आज्जी, लग्नानंतर नाक कोण बघतंय?

१७ फेब्रुवारी

पोरीनं मंगलच्या पार्लरात नेलं मला. बाई भुवया कोरते, आता नाकंही उंच करते. मी विचारलं, ती बोथट नळी कुठाय? हसली. आवं आज्जी, तुमी डागदर कवा झाला? सुईनं पटकन हुतंय. विरघळवायचं औषध? ते लागतच न्हाई.

एका दमात दाबलं. नाकाच्या शेंड्यापासून वरच्या ओठापर्यंत कातडी पांढरी झाली, पिठासारखी. बधिर मलमामुळं पोरीला कळलं नाही. मी ओरडले. मंगल म्हणाली, एवढं हुतंयच, उद्या हळद लागंल, झाकून जाईल.

आणि चंद्रे, मला ते पटलं.

१८ फेब्रुवारी

नवऱ्याकडची उष्टी हळद आली. पहिला हात माझा. पिवळ्याखाली पांढरं दिसेना, मला बरं वाटलं.

दुपारी पोरगी कानाशी म्हणाली, आज्जी, ओठ लय ठणकतोय, त्रिशलाताईंकडं जाऊ. मी म्हटलं, हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नसती. बायका हसल्या. म्हणाल्या, नवरी सासरच्या आठवणीनं लाल झाली.

सांजेला हळद वाळून तडकली. भेगांतून जांभळं जाळं दिसलं, डबक्यात कुजलेल्या पानाच्या शिरांसारखं.

मी वरून आणखी हळद लावली.

१९ फेब्रुवारी, सकाळ

न्हाऊ घातलं. हळद उतरली.

शेंडा काळा. ओठ काळानिळा. बोटानं दाबून बघितलं— रंग हलला नाही. तोंड धुतल्याचं पाणी पिवळं, आणि त्या पिवळ्यात ती स्वतःला बघत होती—

१९ फेब्रुवारी, दुपार

त्रिशलाताईंनी औषध टोचलं, पुन्हा टोचलं. गुंडाला म्हणाल्या, ठणका लागला तेव्हाच का नाही आणली? गुंडा म्हणाला, आईनं—

मांडवात वऱ्हाड बसलंय. कुणी उठवायचं?

२१ फेब्रुवारी

मंगलच्या पार्लराला कुलूप.

पोरगी आरसा मागते. देत नाही. मग माझ्याकडं बघते, डोळ्यांत नाही, नाकाकडं. पापणी हलवत नाही.

२६ फेब्रुवारी

माझ्या नखांतली हळद जात नाही. साबण लावला. राखेनं घासली. रक्त आलं, तेही मला पिवळं—

दवाखान्यात मी दारात आले की ती डोळे मिटूनच ओळखते. वासानं. आज उशाशी गेले तर किंचाळली. आज्जी, हात लावू नको—

४ मार्च

खपली निघाली. खपलीबरोबर शेंडा—

न्हाई. न्हाई सांगत.

आपलं नाक होतं, चंद्रे. तुझं न् माझं.

लाडवांची पिशवी आता पाठवू नकोस. ओठ हलत नाही, चावता येत नाही. मुगाचं कढण पाठव. पातळ, गाळून. मीठ बेतानं. आणि हळद घालू नकोस. चिमूटभरसुद्धा नको. हाताच्या सवयीनं घालशील, तू विसरतेस, म्हणून पुन्हा सांगते, हळद—